पितळी पट्टी

धोबीतलावला, खेळाच्या दुकानांमागच्या गल्लीत
आमचं सात बाय नऊचं दुकान.
कप, ढाली, फितीसकट पदकं.
बाबा कोरणीनं अक्षरं काढायचे.
सॉफ्टबॉलची वर्षाला एकच पट्टी, डिसेंबरात:
जिल्हा अजिंक्यपद, मुली.
त्यातला 'क्य' मनासारखा उतरेपर्यंत
त्यांचा चहा गार व्हायचा.

आता मशीन कोरतं, मी टाइप करते.
या रविवारच्या सहा ऑर्डरी,
सहाही अजिंक्यपदाच्या.
नेरूळला बारा वर्षांखालच्या मुली,
कामोठ्याला त्याच मुली, पण 'सुपर',
विरारला 'ग्रँड',
आणि कांदिवलीला एक, फक्त निमंत्रितांसाठी.
फी भरली की निमंत्रण येतं.

आयोजक पाचपुते सर फोनवर विचारतात,
'ताई, चॅम्पियनच्या वर काय असतं हो?'
मी म्हणते, झाकण.
ते हसतात, आणि तीन फुटी कपाचा भाव काढतात.

पहिल्याच फेरीत हरलेल्यांचा वेगळा गट पडतो,
त्या गटालाही विजेते असतात,
त्या विजेत्यांनाही मी कोरते.
पहाटे साडेचारला गाड्या निघतात म्हणे,
मागच्या सीटवर बॅटी, हेल्मेटं,
आणि मोबाइलच्या उजेडात सोडवलेली त्रैराशिकं.
हल्ली हरत कोणीच नाही.
पितळ तेवढं महाग झालंय.

मंगळवारी दुपारी एक मुलगी आली.
गणवेश, गुडघ्यावर जुनी खपली,
टॉवेलात गुंडाळलेला कप.
'सर्वोत्कृष्ट धावपटू: शेरिल डाबरे.'
मला वाटलं, नाव चुकलं असेल.
गेल्या महिन्यात एका म्हात्रेचं मी मात्रे केलं होतं.

'हे खोडता येईल?'
का गं?
'मी आऊट होते.'

होम प्लेटवर, म्हणाली.
कॅचरचा ग्लव्ह नडगीला लागला, चेंडू होता त्यात,
मग माझा पाय पोचला.
धूळ फार होती. अंपायरनं हात पसरले: सेफ.
सगळ्याजणी अंगावर येऊन पडल्या,
खाली मला बोलताच येईना.
नंतर सांगू म्हटलं,
तर पुढच्या रविवारी दुसरी फायनल,
मग तिसरी.
आता सरांना ती मॅच कुठली तेच आठवत नाही.

कॅचर कोण होती?
'नाव नाही माहीत. चष्मा होता तिला.
ती काहीच म्हणाली नाही.
ग्लव्हमधला चेंडू नुसता बघत बसली.'

मी तिला खरं ते सांगितलं.
पितळेवर खोडणं नसतं.
घासत राहायचं, पट्टी पातळ होते, अक्षर बसतं,
पण उजेडात तिरकी धरली की
पुन्हा वर येतं.

'चालेल,' ती म्हणाली.
'तिरकी मी एकटीच धरणार.'

चाक सुरू केलं.
आधी 'सर्वोत्कृष्ट' गेलं, मग 'धावपटू',
'शेरिल'ला वेळ लागला.
ती काउंटरला हनुवटी टेकून बघत होती,
जसं कुणी दुसऱ्याच्या दातांचं काम बघावं.
तारीखही पुसट झाली चाकाखाली.

'तारीख राहू दे ना,' म्हणाली.
'त्या दिवशी मी खरंच जोरात धावले होते.'

मशीनला एवढी लहान पट्टी पुन्हा लावता येत नाही.
खालच्या खणातून बाबांची कोरणी काढली,
मूठ अजून त्यांच्या अंगठ्याच्या मापाची.
एक सरळ आला. दोनाशी अडले.

फोन वाजायला लागला. पाचपुते सर.
वाजू दिला.
दोनाच्या शेपटीचं वळण
अजून व्हायचं होतं.